खिडकी, पंखा आणि ढोबळी मिरची

टीव्हीचा साधा रिमोट हातात घ्या. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा सुरू करा, रिमोटचं तोंड कॅमेऱ्यासमोर धरा आणि एखादं बटण दाबून ठेवा. पडद्यावर रिमोटच्या टोकाशी एक जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकायला लागेल. आता पडदा सोडून थेट रिमोटकडे बघा. काहीच नाही. बटण दाबलेलं आहे, दिवा पेटलेला आहे, मोबाइलला तो दिसतोही आहे. दिसत नाही तो फक्त तुम्हाला!

रिमोटचा दिवा अवरक्त किरण सोडतो. आपला डोळा साधारण ७०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचा, म्हणजे गडद तांबड्यापर्यंतचा प्रकाश ओळखतो. रिमोटचा प्रकाश असतो ९४० नॅनोमीटरच्या आसपास. कॅमेऱ्याच्या सेन्सरमधल्या सिलिकॉनला हा प्रकाशही कळतो. तो आत येऊ नये म्हणून सेन्सरपुढे एक गाळणी बसवलेली असते, पण तिच्यातूनही थोडा प्रकाश निसटतोच. तोच हा ठिपका.

डोळ्याला आणि कॅमेऱ्याला एकच जग दिसतं, अशी आपली समजूत असते. डोंगरावरचा सूर्यास्त, समईच्या उजेडातला आजीचा चेहरा, पावसातली एसटी, हे सगळं समोर असताना अप्रतिम दिसतं आणि फोटोत मिळमिळीत उतरतं, तेव्हा आपण स्वस्त मोबाइलला दोष देतो. खरी गोष्ट अशी की डोळा आणि कॅमेरा यांचं मुळातच पटत नाही. कुठे पटत नाही आणि का पटत नाही, हे समजून घेणं म्हणजे बऱ्याच अंशी फोटोग्राफी शिकणं. त्यासाठी लागणारी प्रयोगशाळा दोन खोल्यांच्या घरात आधीपासूनच असते. आणि ती वापरायला शिकवणारे जगातले नामांकित शिक्षक आज इंटरनेटवर एक पैसाही न घेता वर्ग चालवतात.

ज्यानं कॅमेरा घडवला, तोच मास्तर

मार्क लेव्हॉय हे स्टॅनफर्ड विद्यापीठातले संगणकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. गेल्या शतकाच्या अखेरीस फ्लॉरेन्सला जाऊन मायकेलअँजेलोच्या ‘डेव्हिड’ पुतळ्याचं लेसरनं त्रिमित मोजमाप घेणाऱ्या चमूचे ते प्रमुख होते. पुढे त्यांनी स्टॅनफर्डमध्ये डिजिटल फोटोग्राफीचा अभ्यासक्रम शिकवला. त्यानंतर गूगलमध्ये जाऊन पिक्सेल फोनच्या कॅमेऱ्यामागचं गणित उभं केलं. २०१८ साली आलेली ‘नाइट साइट’, म्हणजे जवळजवळ काळोखात हातात धरून फोटो काढायची सोय, ही त्यांच्याच चमूची करामत. त्याच जातीच्या युक्त्या आज बहुतेक स्मार्टफोनमध्ये असतात.

याच माणसानं २०१६ साली आपला स्टॅनफर्डचा अभ्यासक्रम नव्यानं मांडून गूगलच्या कर्मचाऱ्यांना शिकवला, तो चित्रित करून घेतला आणि सगळी १८ व्याख्यानं जगासाठी खुली केली. भिंग कसं काम करतं, सेन्सर प्रकाश कसा मोजतो, फोटोत दाणे का येतात, रंग म्हणजे काय, चौकट कशी रचावी, फोटोग्राफीचा इतिहास काय, हे सगळं त्यात आहे. सोबत हलती चित्रं आहेत: पट्टी सरकवली की किरण वळताना दिसतात. खिशातल्या यंत्राचं गणित ज्यानं मांडलं तोच ते यंत्र समजावून सांगतो आहे, आणि त्यासाठी फी नाही की प्रवेशपरीक्षा नाही.

लेव्हॉय एकटे नाहीत. एमआयटीनं २००१ साली आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य इंटरनेटवर मोफत ठेवायचं जाहीर केलं. त्या भांडारात बी. डी. कोलेन यांचा माहितीपर छायाचित्रणाचा आणि छायापत्रकारितेचा अभ्यासक्रम आहे. हार्वर्ड एक्स्टेन्शन स्कूलमधला डॅन आर्मेन्डारिझ यांचा डिजिटल फोटोग्राफीचा अभ्यासक्रमही घरबसल्या बघायला मिळतो. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं २०१६ साली कोर्सेरा या संकेतस्थळावर फोटो ‘वाचायला’ शिकवणारा वर्ग सुरू केला. २०२० च्या एप्रिलमध्ये सगळं जग घरात कोंडलेलं असताना निकॉननं आपले एरवी पैसे घेऊन दिले जाणारे धडे महिनाभर मोफत केले होते.

अशा संकेतस्थळांवर बऱ्याचदा धडे फुकट असतात आणि प्रमाणपत्राला पैसे पडतात, हे आधी तपासून घ्यावं. भाषा इंग्रजी असली तरी यूट्यूबवरच्या बऱ्याच व्हिडिओंना मराठीत आपोआप भाषांतरित होणारी उपशीर्षकं लावता येतात. ती कधीकधी विनोदी असतात, पण अडलेलं वाक्य पुढे ढकलायला पुरतात.

व्याख्यानं नुसती बघून मात्र भागत नाही. गंमत सुरू होते ती मास्तरांनी सांगितलेलं स्वयंपाकघरात आणि बाल्कनीत करून बघितल्यावर.

खोलीचाच कॅमेरा

पहिला प्रयोग बिनकॅमेऱ्याचा. बाहेर लख्ख ऊन असताना एका खोलीच्या सगळ्या खिडक्या काळ्या कागदानं किंवा पुठ्ठ्यानं बंद करा. फटीसुद्धा बुजवा. मग एका पुठ्ठ्याला साधारण १ सेंटिमीटर व्यासाचं एकच भोक पाडा. समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत दहा मिनिटं बसा, डोळे काळोखाला सरावू द्या. हळूहळू भिंतीवर समोरची इमारत उमटेल: रंगीत, हलती आणि उलटी. आभाळ खाली, रस्ता वर. रिक्षा छताजवळून उलटी धावताना दिसेल, वाळत घातलेले कपडे वरच्या दिशेनं लोंबत असतील.

यात जादू नाही आणि भिंगही नाही. प्रकाश सरळ रेषेत जातो, एवढंच. इमारतीच्या गच्चीवरून निघालेला किरण भोकातून खाली उतरतो आणि तळमजल्यावरचा वर चढतो. भोक लहान केलं तर चित्र रेखीव होतं, पण अंधूक. मोठं केलं तर उजळ होतं, पण पुसट. दहाव्या-अकराव्या शतकात होऊन गेलेल्या इब्न अल-हैथम यांनी प्रकाशशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला आणि अशा भोकातून उमटणाऱ्या प्रतिमांचा अभ्यास केला. आपल्या काळातले अमेरिकी छायाचित्रकार अबेलार्डो मोरेल १९९१ पासून घरांच्या आणि हॉटेलांच्या खोल्यांचे असे कॅमेरे करत आले आहेत. पलंगावर, उशांवर, भिंतीवर उलटं शहर पडलेलं असतं आणि ते त्याचा फोटो काढतात.

अशा खोलीत बसल्यावर फोटोग्राफीच्या जन्माची कथा एकदम जवळची वाटायला लागते. आज उपलब्ध असलेला कॅमेऱ्यातला सर्वांत जुना फोटो निसेफोर नीप्स यांनी १८२६-२७ च्या सुमारास फ्रान्समधल्या आपल्या गावच्या घराच्या खिडकीतून काढला. कथलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर त्यांनी डांबराचा पातळ थर दिला होता. ऊन लागलं तिथं तो कडक झाला, उरलेला धुऊन गेला. किमान आठ तास पत्रा कॅमेऱ्यात होता. तेवढ्यात सूर्य एका बाजूकडून दुसरीकडे गेला, म्हणून त्या फोटोत अंगणाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ऊन पडलेलं दिसतं. असा देखावा कुठल्याही डोळ्यानं कधी पाहिलेला नाही. डोळा आणि कॅमेरा यांचं पहिल्या दिवसापासून पटलेलं नाही, ते असं.

इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८३५ च्या ऑगस्टमध्ये काढलेली, आज टिकून असलेली सर्वांत जुनी निगेटिव्ह हीसुद्धा घरातल्या खिडकीचीच. लॅकॉक ॲबी या आपल्या वाड्यात त्यांनी जागोजागी छोट्या लाकडी पेट्या मांडून ठेवल्या होत्या. त्यांची पत्नी कॉन्स्टन्स त्यांना ‘उंदराचे सापळे’ म्हणायची. निगेटिव्ह जेमतेम टपालाच्या तिकिटाएवढी आहे. ती नवी असताना खिडकीच्या सुमारे २०० काचा भिंगातून मोजता येत होत्या, असं टॅल्बट यांनी नोंदवून ठेवलं आहे. ‘घरी बसून काय फोटोग्राफी होणार?’ असं कोणी म्हणालं तर सांगायला हे दोन दाखले पुरेत.

१.४, २, २.८ आणि थेंबांचा हिशेब

वर्गात शिरलं की नवशिक्याला पहिला धक्का बसतो तो ॲपर्चरच्या, म्हणजे भिंगातल्या भोकाच्या, आकड्यांचा: १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. ना सरळ मोजणी, ना दुप्पट. शिवाय आकडा मोठा की भोक लहान! उत्तर शाळेच्या भूमितीत आहे. हा आकडा म्हणजे भिंगाच्या केंद्रांतराला भोकाच्या व्यासानं भागून आलेली संख्या. म्हणून भोक लहान झालं की आकडा वाढतो. आत येणारा प्रकाश ठरतो भोकाच्या क्षेत्रफळावर, आणि क्षेत्रफळ वाढतं व्यासाच्या वर्गानं. प्रकाश बरोबर निम्मा करायचा तर व्यासाला २ च्या वर्गमुळानं, म्हणजे सुमारे १.४ नं भागावं लागतं. त्या यादीतला प्रत्येक आकडा आधीच्याला १.४ नं गुणून आला आहे. एक पायरी सरकलात की प्रकाश अर्धा.

आता मोबाइल बघा. त्याच्या मुख्य भिंगाचं केंद्रांतर ७ मिलिमीटरच्या आसपास आणि ॲपर्चर एफ १.८ धरलं, तर भोकाचा व्यास भरतो ४ मिलिमीटरच्या आत. मोठ्या कॅमेऱ्याच्या ५० मिलिमीटर भिंगाला तोच एफ १.८ आकडा असेल, तर व्यास येतो जवळजवळ २८ मिलिमीटर. क्षेत्रफळात फरक सुमारे पन्नासपट. लग्नातल्या फोटोग्राफरच्या फोटोत मागची माळ मऊ, धूसर होते आणि आपल्या फोनमध्ये ती कडक दिसते, त्याचं मुख्य कारण हे इवलंसं भोक. फोनच्या पोर्ट्रेट मोडमधला धूसरपणा खरा नसतो; कोण पुढे आणि कोण मागे याचा अंदाज बांधून संगणक तो रंगवतो. म्हणूनच केसांच्या बटांपाशी आणि चष्म्याच्या कडांपाशी तो फसतो.

कमी प्रकाश म्हणजे नुसता अंधार नसतो, त्यात दाणेही असतात. ते का? प्रकाश सलग वाहत येत नाही, फोटॉन नावाच्या कणांनी सुटा सुटा येतो. अंगणात एकसारख्या वाट्या ओळीनं मांडल्या आणि पाऊस भुरभुरला, तर एका वाटीत नऊ थेंब पडतील, शेजारच्या वाटीत बारा, पलीकडे सहाच. पाऊस सगळीकडे सारखा आहे, तरी वाट्या सारख्या भरत नाहीत. मुसळधार कोसळला आणि प्रत्येक वाटीत दहा हजारांच्या घरात थेंब गेले, की मग शंभरभर थेंबांचा फरक जाणवतही नाही. सरासरी नऊ थेंब असताना फरक असतो तीनच्या आसपास, म्हणजे तेहतीस टक्के. दहा हजार असताना शंभर, म्हणजे एक टक्का. नेहमीच हा फरक संख्येच्या वर्गमुळाएवढा. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल अशी एक वाटी आहे, आणि फोनमधली वाटी असते जेमतेम एक मायक्रॉनभर: माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशा पन्नासहून अधिक मावतील. संध्याकाळच्या फोटोत आभाळभर जे दाणे दिसतात, ते बव्हंशी प्रकाशाच्याच स्वभावातून आलेले असतात.

यावरची युक्ती हीच ‘नाइट साइट’ची कमाल. अंधारात जास्त वेळ शटर उघडं ठेवावं तर हात हलतो आणि फोटो पुसला जातो. म्हणून फोन एकापाठोपाठ पंधरापर्यंत छोटे, दाणेदार फोटो काढतो, हात हलल्यामुळे सरकलेली चित्रं एकमेकांवर नीट बसवतो आणि सगळ्यांची सरासरी घेतो. चित्र जागेवर राहतं, दाणे मात्र प्रत्येक फोटोत वेगळे असल्यानं एकमेकांना पुसतात. चार फोटोंच्या सरासरीनं दाणे निम्म्यावर येतात, नऊंच्या सरासरीनं तिसऱ्या हिश्श्यावर.

रात्री दिवे मालवून, फक्त रस्त्यावरचा पुसट उजेड खोलीत येत असताना कपाटातल्या दोन-तीन भडक रंगांच्या साड्या पलंगावर पसरून बघा. डोळ्याला सगळ्या करड्या दिसतील. अशा अंधारात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ थांबतात, फक्त उजेड-अंधार ओळखणाऱ्या पेशी जाग्या असतात. आता नाइट मोडमध्ये फोन स्थिर धरून फोटो काढा. मोरपंखी, राणी, हळदी, सगळे रंग परत! मघाच्या अवरक्त किरणांसारखंच फोननं इथंही तुमच्या डोळ्याच्या पलीकडचं पाहिलं.

रंगांचा अंदाजपंचे आणि वाकडा पंखा

त्याहून चकित करणारी गोष्ट अशी, की फोटोतल्या रंगांची दोन तृतीयांश माहिती कॅमेऱ्यानं मोजलेलीच नसते. सेन्सर मुळात रंगांधळा; त्याला फक्त प्रकाश किती हे कळतं. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांनी त्यावर तोडगा काढला, त्याचं पेटंट १९७६ साली मिळालं. प्रत्येक पिक्सेलवर एकेक रंगीत गाळणी बसवायची: निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. म्हणजे प्रत्येक पिक्सेलला एकच रंग कळतो. उरलेले दोन तो शेजाऱ्यांना विचारून ठरवतो. हिरव्या गाळण्या दुप्पट, कारण बारीक तपशील ओळखताना आपला डोळा हिरव्याच्या आसपासच्या प्रकाशावर सगळ्यात जास्त भिस्त ठेवतो. अगदी बारीक चौकडीचा शर्ट फोटोत आला की त्यावर कधीकधी इंद्रधनुषी लाटा दिसतात. त्या वेळी शेजाऱ्यांना विचारून बांधलेला अंदाज चुकलेला असतो.

डोळाही रंगांच्या बाबतीत काही हरिश्चंद्र नाही. एक पांढरा कागद दिवसा खिडकीत ठेवा आणि रात्री पिवळ्या बल्बखाली. दोन्ही वेळी मेंदू म्हणेल, पांढरा. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा कशाला म्हणायचं ते ठरवणारा आकडा, ५५०० केल्व्हिनवर अडकवून दोन्ही फोटो काढा. दुसरा कागद चक्क नारिंगी येईल. बल्बचा प्रकाश खरोखरच नारिंगी होता. मेंदू न सांगता दुरुस्ती करत होता. आपण फोटोत ‘रंग बिघडले’ म्हणतो, तेव्हा कित्येकदा कॅमेरा खरं सांगत असतो.

आता वर बघा. पंखा पूर्ण वेगात फिरू द्या आणि भरपूर उजेडात फोनवर त्याचा फोटो काढा. पाती कोयत्यासारखी वाकडी येतील. फोनचा सेन्सर सगळं चित्र एका क्षणात टिपत नाही. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओळीमागून ओळ वाचत जातो. पहिली ओळ वाचताना पातं जिथं होतं, शेवटची ओळ वाचेपर्यंत ते पुढे सरकलेलं असतं. आपण ‘एक क्षण’ म्हणून जपून ठेवतो त्या फोटोच्या वरच्या आणि खालच्या भागात वेळेचा बारीकसा फरक असतो. ट्यूब किंवा स्वस्त एलईडीखाली फार वेगवान शटर ठेवलं की फोटोत आडवे काळे पट्टे येतात, तेही यामुळेच. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, दिवा १०० वेळा मंद-प्रखर होतो आणि काही ओळी नेमक्या मंद क्षणी वाचल्या जातात. उपाय सोपा: शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवायचं.

एक खिडकी पुरे

यंत्र समजलं, की उरतो प्रकाश. त्यासाठी एक ढोबळी मिरची घ्या. १९३० साली कॅलिफोर्नियात एडवर्ड वेस्टन या छायाचित्रकारानं बाजारातल्या मिरच्या आणून त्यांचे फोटो काढले. त्यातली एक मिरची त्यानं पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली. नरसाळ्याच्या आतल्या उतारावरून परतलेला मऊ प्रकाश तिच्या प्रत्येक वळणावर पसरला, आणि ‘पेपर नंबर ३०’ हा विसाव्या शतकातल्या सर्वांत नावाजलेल्या फोटोंपैकी एक तयार झाला. त्यात मिरची आहे हे कळायलाच थोडा वेळ लागतो. आधी दिसते ती एखाद्या मल्लाची पाठ.

मिरची खिडकीपासून हातभर अंतरावर, अशी ठेवा की प्रकाश एका बाजूनं येईल. घरातले दिवे बंद करा. सावलीची कड मऊ असेल, कारण मिरचीच्या दृष्टीनं खिडकी प्रचंड मोठी आहे आणि प्रकाश चहूकडून वळसा घालून येतो. आता तीच मिरची खोलीच्या टोकाला न्या. खिडकी तीच, पण मिरचीच्या जागेवरून ती लहान दिसते. सावली कडक होते, प्रकाश ओसरतो. उन्हात ओढलेला चेहरा ढगाळ दिवशी सुंदर का येतो, हेही यावरून कळतं: ढग आला की अख्खं आभाळ एकच मोठी खिडकी होतं. सावलीच्या बाजूला थर्माकोलचा तुकडा धरा, काळोख उजळेल. तिथंच काळी शाल धरा, वळणं आणखी खोल होतील. स्टुडिओतल्या महागड्या दिव्यांनी बऱ्याच वेळा हेच केलं जातं.

चेहऱ्यालाही हाच नियम लागू, फक्त अंतराचं भान जास्त हवं. फोन नाकापासून ३० सेंटिमीटरवर धरला तर कान साधारण ४२ सेंटिमीटरवर असतात, म्हणजे नाक कानांच्या मानानं १.४ पट मोठं दिसतं. दोन मीटर अंतरावर जाऊन झूम केलंत तर हे गुणोत्तर १.०६ वर येतं. सेल्फीत नाक फुगतं ते भिंगामुळे असं आपण म्हणतो. खरा दोष जवळिकीचा.

घरातल्या खिडकीवर अख्खं आयुष्य घालवलेले लोक आहेत. चेक छायाचित्रकार योसेफ सुदेक यांनी पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावला होता. १९४० पासून, प्राग शहर जर्मनांच्या ताब्यात असताना, ते आपल्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढू लागले आणि १९५४ पर्यंत काढत राहिले: दवानं धुरकटलेली काच, पाण्याचा पेला, बाहेरचं वाकडं झाड. आंद्रे केर्टेश यांनी पत्नीच्या निधनानंतर न्यूयॉर्कमधल्या आपल्या घराच्या खिडकीत एक छोटी काचेची मूर्ती ठेवली आणि साध्या पोलरॉइड कॅमेऱ्यानं तिचे फोटो काढले. १९८१ साली त्यांचं पुस्तक झालं. कोलकात्यात जन्मलेल्या जूलिया मार्गरेट कॅमेरॉन यांना पहिला कॅमेरा मिळाला तो ४८ व्या वर्षी, लेक-जावयाकडून भेट म्हणून. त्यांनी कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ केला, कोळशाच्या कोठीची डार्करूम केली आणि घरातल्या मोलकरणींना समोर बसवून इतिहासात जागा मिळवली. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचा वर्ग अशा कामांकडे बघायला शिकवतो. फोटो कसा काढला यापेक्षा कोणी, कशासाठी काढला आणि तो बघणाऱ्याला काय सांगतो, हे तिथं विचारलं जातं. तांत्रिक धड्यांनी डोकं भरलं की हा वर्ग उतारा म्हणून घ्यावा.

मुंबईतला वर्ग आणि दादरची कुंडी

वर्गात बसून हे तंत्र शिकणं आपल्याकडेही जुनंच आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि १८५५ साली एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. त्या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतले नामवंत छायाचित्रकार झाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हेही त्या काळातले जाणते छायाचित्रकार. तेव्हा कॅमेरा, रसायनं आणि काचा परवडणाऱ्या किंवा नेमक्या संस्थेत पोचलेल्या मोजक्यांनाच हे शिक्षण मिळायचं.

घरी शिकण्याचा सगळ्यात मोठा मराठी दाखला दादासाहेब फाळके यांचा. १९१२ साली ते लंडनला गेले, तिथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांची सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी गाठ घालून दिली आणि हेपवर्थ यांनी आपल्या स्टुडिओतलं काम त्यांना बघू दिलं. विल्यमसन कॅमेऱ्याची खरेदी करून फाळके परतले. सिनेमासाठी पैसे घालायला कोणी तयार नव्हतं, म्हणून त्यांनी दादरच्या घरी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवताना रोज थोडं थोडं चित्रण करत गेले. ‘अंकुराची वाढ’ पडद्यावर दाखवली तेव्हा बघणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर काही क्षणांत बी फुटलं, कोंब वर आला, वेल झाला. कुठल्याही डोळ्याला न दिसणारी गोष्ट कॅमेऱ्यानं दाखवली, आणि पैसे उभे राहिले. फिल्म धुण्याचं आणि तिला भोकं पाडण्याचं काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरीच शिकल्या. फोन स्थिर ठेवून टाइम-लॅप्सवर मोड आलेल्या मटकीचं चित्रण करणारं कोणतंही शाळकरी पोर आज फाळक्यांचाच प्रयोग करत असतं.

अभ्यास कसा करावा

एका बैठकीत चार व्याख्यानं बघण्यात अर्थ नाही. अर्धा तास बघा, तासभर करा. पहिल्या आठवड्यात एकच वस्तू आणि एकच खिडकी, सकाळ-दुपार-संध्याकाळ. दुसऱ्या आठवड्यात शटरचे खेळ: नळाची धार १/१००० सेकंदावर आणि मग १/१० वर. तिसऱ्यात रंग, चौथ्यात माणसं.

एक उणीव मात्र घरी राहतेच. कोलेन यांच्यासारख्या वर्गात खरं शिक्षण घडतं ते एकमेकांच्या फोटोंवर सगळ्यांनी मिळून बोलताना, आणि व्हिडिओ तुमचा फोटो बघून काही बोलत नाही. ती उणीव दोन-तीन माणसं जमवून भरून काढता येते. एकच नियम ठेवायचा: ‘मस्त’, ‘भारी’ हे शब्द बंद. नजर आधी कुठे गेली, नंतर कुठे अडखळली, कोणता कोपरा कापला तर बिघडणार नाही, एवढंच सांगायचं. घरातल्या आजोबांना किंवा आठवीतल्या पुतणीला विचारलं तरी चालतं. त्यांना ॲपर्चर माहीत नसतं, त्यामुळे ते फोटोच बघतात.

बाकी सगळ्या बाबतीत फोटोग्राफीइतका घरी शिकायला सोयीचा विषय विरळा, कारण प्रत्येक फोटो आपली उत्तरपत्रिका सोबत घेऊन येतो. गॅलरीत कोणताही फोटो उघडून त्याचा तपशील बघा: शटर किती, ॲपर्चर किती, आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, किती, सगळं लिहिलेलं असतं. तुमच्या फोनमध्ये आत्ता हजारभर फोटो तरी असतील. त्यातला मनासारखा न आलेला एक काढा आणि ठरवा: प्रकाश कमी पडला, हात हलला, फार जवळ गेलात की खिडकी माणसाच्या पाठीमागे होती? उत्तर मिळालं की पुढचं व्याख्यान कोणतं बघायचं, हेही ठरलं.